उलटी फिरवलेली बाकं

दीक्षाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दीड वर्ष झालं.

पत्रात एकच प्रश्न होता. "काका, त्या दुपारी तुम्हीही ऐकलं होतं ना? घरचे म्हणतात, माझं डोकं फिरलंय. गोळ्या सुरू केल्यात. फक्त हो की नाही, एवढंच लिहा."

पुढे जे सांगतोय त्यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचण्याइतकी हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

नोव्हेंबर २००२. पुण्यातल्या पेठेतलं आमचं जुनं दगडी चर्च. रविवारी साठ माणसं, उरलेले सहा दिवस कुलूप. आणि बाहेरगावची मुलं एकेका खोलीत पाच-पाच जण राहून परीक्षांचा अभ्यास करत होती. म्हणून त्या जूनमध्ये आम्ही चर्चमध्येच मोफत अभ्यासिका उघडली. मी निवृत्त ग्रंथपाल. देखरेख माझ्याकडे आली.

चर्च कमिटीचे चिटणीस नागोराव म्हणाले होते, "अहो, आधी रविवारी माणसं आणा. मग सोमवारचं बघू."

उजेड पश्चिमेच्या दारातून यायचा. वाचणाऱ्याची सावली पुस्तकावर पडायची. म्हणून पुढची चार बाकं मी उलटी फिरवून घेतली. पाठ वेदीकडे, तोंड मागच्या रिकाम्या बाकांकडे.

कल्पना माझीच.

दिवाळीत मुलं गावी गेली. वर्ध्याची दीक्षा तेवढी राहिली. परीक्षा जवळ आली होती.

दुपारचे चार वाजले असतील. आम्ही दोघंच.

"काका, तुमच्या चर्चमध्ये लोकांना झोप आली तर काय करतात?"

"प्रवचन चालू असेल तर झोपतात."

ती हसली. उठली. दोन्ही हात वर करून तिने आळस दिला.

आमच्याकडे पाळक, म्हणजे पाद्री, वेदीसमोर उभे राहून असेच दोन्ही हात वर करतात. बोलावं लागत नाही. सगळी मंडळी उभी राहते.

तिला हे कुठून माहीत असणार?

समोरची रिकामी बाकं... करकरली.

सगळी. एकदम. शंभर माणसं उठावीत तशी.

मग कपड्यांची सळसळ. कुणाचा तरी खोकला...

आणि मग काहीच नाही. रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा नाहीत.

समोर कुणीही नव्हतं.

"काका..." तिचे हात अजून वरच होते. "कोण उठलं?"

ती पुस्तकं टाकून पळाली.

ती जे सांगत होती ते कमिटीच्या कानावर गेलं. बैठक झाली. तिलाही बोलावलं होतं. नागोराव म्हणाले, "रात्रभर जागायचं आणि दिवसा भुतं बघायची. झाला अभ्यास! काका, तुम्ही होतात ना तिथे? काही ऐकलंत?"

ती माझ्याकडे बघत होती.

हो म्हटलं असतं तर अभ्यासिका त्याच दिवशी बंद झाली असती. चाळीस मुलं जाणार कुठे? हे कारण खरं आहे. लोक हसतील ही भीती होती, तेही खरं आहे.

"नाही," मी म्हणालो. "लाकूड जुनं आहे."

ती त्याच आठवड्यात वर्ध्याला निघून गेली.

बाकं मी पुन्हा सरळ करून घेतली. अभ्यासिका चालू आहे. मी मात्र तिथे आता दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो.

एवढं लिहून झालं आणि लाज वाटली. अनोळखी वाचकांना सांगतोय, आणि जिने विचारलं तिला नाही. दुसरा कागद घेतला.

"चि. दीक्षा,

हो. मीही ऐकलं. कमिटीसमोर मी खोटं बोललो. हे पत्र घरी दाखव, डॉक्टरांनाही दाखव.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही. बसल्याचा आवाज आलाच नव्हता. ते सगळे उभेच होते. दाराकडे जायचं तर त्यांच्यामधूनच जावं लागणार होतं. शेवटी पाळक म्हणतात तसं मी हळूच म्हणालो, 'बसून घ्या.'

बाकं करकरली. सगळे बसले.

आणि मी बसलो होतो त्या बाकाचं दुसरं टोक... दबलं."

आज सकाळी मंडईजवळच्या पोस्टातून पत्र रजिस्टरने पाठवलं. साधं टाकलं असतं, तर ते पोचलं नसेल अशी आशा करत बसलो असतो.