काचेची आतली बाजू

मी चष्मा करायला गेलेच नव्हते. नणंदेच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. तो बसवून घ्यायला ती काउंटरपाशी उभी राहिली आणि मी आपली पाय दुखले म्हणून दिसेल त्या खुर्चीत टेकले. ती डोळे तपासायची खुर्ची निघाली. मी तोंड उघडायच्या आत चष्मेवाला आतून आला आणि त्यानं ती जड, गोल, सर्कशीतल्यासारखी फ्रेम माझ्या नाकावर चढवलीसुद्धा.

"हे बरं... की हे?" त्यानं काच बदलली.

"अहो, डोळे माझे नाही तपासायचे—"

"ते असू दे. पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं," मी म्हणाले. खरंच बरं दिसत होतं, काय करणार!

मला जवळचा नंबर लागला होता. "वाचता की लिहिता?" त्यानं विचारलं.

"लिहायची," नणंद मध्येच बोलली. "पेपरात सदर होतं वहिनीचं. दादा गेल्यापासून किराण्याची चिठ्ठीसुद्धा मीच लिहिते."

माझ्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याआधीचं वर्ष हॉस्पिटलात गेलं. एक प्रकाशिका त्याच्या नि माझ्या आठवणींचं पुस्तक मागत होती, नणंद रोज मागे लागत होती, आणि मी रोज टेबल पुसून उठत होते. मी लिहिलं नाही, तर तो फक्त रिपोर्टांच्या फायलीत उरणार हे मला कळत होतं. त्याचीच भीती वाटायची.

चष्मेवाल्यानं कोरा कागद पुढे केला. "छापलेलं लोक अंदाजानं वाचतात. तुम्ही स्वतः एक ओळ लिहा आणि तीच वाचा."

बराच वेळ नुसतं पेन धरून बसले. मग लिहिलं— मला काही सुचत नाही.

त्यानं कागद उचलला. "अक्षर सुरेख आहे. मजकूर पटला नाही."

किती दिवसांत कोणी माझी थट्टा केली नव्हती! सगळे माझ्याशी दबक्या आवाजातच बोलायचे. मला आधी राग आला, आणि घरी पोचेपर्यंत तो गेलाही.

चष्मा तयार झाला आणि माझ्या खेपा सुरू झाल्या. एकदा म्हणाले, काडी टोचते. त्यानं ती गरम करून हलकेच वाकवली. कानामागे बसवताना त्याची बोटं जराशी थबकली... एकदा म्हणाले, अक्षरं हलतात. नंबर तर बरोबर होता. "आज काय झालं गं चष्म्याला?" असं नणंद विचारायला लागली, तेव्हा मी दुसरीकडे बघायला लागले.

एका संध्याकाळी बाहेर पाऊस भुरभुरत होता. "अंधुक दिसतं," मी म्हणाले. त्यानं चष्मा दिव्यासमोर धरला, उलटसुलट करून पाहिला.

"पावसाचे थेंब काचेवर बाहेरून पडतात," तो हळूच म्हणाला. "हे डाग आतल्या बाजूला आहेत."

मी हातातली चष्म्याची डबी उघडली, पुन्हा मिटली.

"लिहायला बसला होतात ना?"

"रोज बसते. रोज तीच ओळ— त्या पहाटे तो गेला. मग पुढचं दिसतच नाही."

त्यानं चष्मा नळाखाली धुतला, मऊ कापडानं टिपला. "मग त्या पहाटेपासून सुरुवात कशाला करता? तुम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलंत, तेव्हा ते काय करत होते?"

"स्वेटरमध्ये अडकला होता." मलाच ते इतक्या दिवसांनी आठवलं. "कपड्यांच्या दुकानात. डोकं आत, हात वर... आणि आतून ओरडतोय, 'कुणी माणूस आहे का इथे?' मी ओढून काढला. केस हे असे उभे! आणि दुकानदाराला म्हणतो कसा— 'हाच द्या, छान बसतो!'"

मी हसले. हसता हसता रडलेही, पण सांगायची थांबले नाही. चष्मेवालाही खूप हसला.

"हे लिहा."

"त्यात तुम्हाला काय मिळणार?"

"मला?... लिहिता यायला लागलं की तुमच्या तक्रारी संपतील." पुसलेली काच तो पुन्हा पुसत राहिला. "तेवढं एक वाईट होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वेटरपासून सुरुवात केली. दुपारी नणंदेनं पानं वाचली. आधी खो खो हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "दादा अस्साच होता गं." पानं माझ्या हातात देत पुढे म्हणाली, "आता जा, दाखवून ये जिथे दाखवायचीयत तिथे. मला दिसतं सगळं. माझा नंबर बरोबर आहे."

मी चष्मेवाल्यापुढे पानं ठेवली. त्यानं उभ्या उभ्याच वाचली.

"यात तुम्ही कुठेच नाही," मी म्हणाले.

"नसणारच. हे त्यांचं आहे."

"पुढेही त्याच्याबद्दलच लिहिणार आहे. रडणारही आहे."

"काच धुऊन मिळेल."

"मी त्याला विसरणार नाही..."

"विसरा म्हटलं का मी कधी?"

मी पानं गोळा केली, चष्मा डबीत ठेवला, दारापर्यंत गेले.

"उद्या येते."

"का? आता काय झालं चष्म्याला?"

"काही नाही. चष्मा छान आहे," मी म्हणाले. "तुम्हाला भेटायला येते."