देवयानीतला डाग

"ताई, माहा डाग चोरीले गेला!" उखर्डू नाना खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

नवलला हसू फुटलं. चारुलताला नाही. जळगावात गुप्तहेरगिरी करायची, तर माणसं काय काय हरवून येतील याचा नेम नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचा मदतनीस नवल मात्र ते दर वेळी नव्याने शिकायचा.

नाना सावद्याचे केळी बागायतदार. १८८५ साली शेजारच्या देवयानी दीर्घिकेत एक तारा फुटला होता. त्याचे अवशेष तिच्या उजेडावर काळ्या ठिपक्यासारखे दिसतात. ते नानांनी गच्चीवरच्या दुर्बिणीला कॅमेरा लावून टिपले होते म्हणे. रविवारी कॉलेजात सगळ्यांना दाखवायचे होते. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी नजरेची खात्री फक्त वर्षभराचीच दिली होती.

"दीर्घिका फोटोत इकडंतिकडं सरके, पन डाग? बरोबर मधोमध! इतका पक्का. पंधरा दिवसांपासून गायब हाये. माह्या पुतन्यानंच केलं काहीतरी, त्या कुंदननं."

सावद्याच्या घरी इंदिराबाईंनी, नानांच्या बायकोने, हात झटकले. "मी त्या यंत्राले हातबी लावत नाही. हेच वावरातून येता आन् काच पुसत बसता. रुमाल पाहा ह्यांचा! कितीबी धुवा, केळीचा चीक निघत नाही."

कुंदन तिशीचा, अबोल. "मी काही चोरलं नाही."

"पंधरा दिवसांपूर्वी तू धुळ्याला गेलास, असं काकू सांगतात. कशाला?" चारुलताने विचारलं.

"काम होतं."

गच्चीवर चारुलताने कॅमेऱ्यापुढची निळी फिल्टरची काच काढून उजेडात धरली. काचेभोवतीचं कडं झिजलेलं, काच मात्र कोरी करकरीत.

"याचंच काम," नवल कुजबुजला.

चारुलताने सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

"कुंदन, जुनी काच तुझ्या हातून फुटली. नाना रागावतील म्हणून धुळ्याहून नवी आणून गुपचूप त्याच कड्यात बसवलीस. खरं ना?"

कुंदनने मान डोलावली.

"काच बदलली आणि डाग गेला. म्हणजे तो काचेवरच होता, नाना. आकाशातला असता तर दीर्घिकेबरोबर सरकला असता. तुमच्या रुमालातला केळीचा चीक होता तो."

नानांचा उतरलेला चेहरा पाहून नवलला आपल्या पहिल्या हसण्याची लाज वाटली.

"मंग खरे अवशेष?" नानांनी विचारलं.

"ते मोठ्या वेधशाळांनाच दिसतात. तुमच्या दुर्बिणीतून कधीच दिसणार नाहीत."

नानांनी हात जोडले. "ताई, यानंच चोरला म्हना ना. चोरीले गेला म्हनजे तिथं होता तरी."

चारुलताने कुंदनकडे पाहिलं.

"हो नाना, मीच चोरला," कुंदन म्हणाला.

पण खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. नाना ढसाढसा रडू लागले.