साडेचार ताऱ्यांची तोफ

"आमचं मालक चोरीला गेलं," भागूबाई म्हणाल्या आणि समोर खुर्ची असताना जमिनीवर बसल्या.

मच्छिंद्र गर्जे यांनी वहीत 'इसम बेपत्ता' असं लिहिलं. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झाल्यापासून ते जामखेडला पंकजा सानप यांच्या चौकशी कार्यालयात बसत. कार्यालय झेरॉक्सच्या दुकानावर होतं. पंकजाताईंचं मुख्य काम लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा पुण्याला कंपनीत आहे म्हणजे कंपनीच्या आत आहे की फाटकावर, हे त्या दोन फोन करून सांगत. मच्छिंद्ररावांना त्याला चार दिवस लागत, आणि उत्तर चुकीचं येई.

"कधीपासून नाहीत?" त्यांनी विचारलं.

"वारून अकरा वर्सं झाली."

मच्छिंद्ररावांनी लिहिलेलं खोडलं.

मग हळूहळू उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी खर्ड्याच्या राहील तांबोळीने जाहीर केलं की तो खर्ड्याच्या लढाईचा व्हिडिओ गेम करणार, नाव 'शेवटची तोफ'. पैसे लोकांनीच घालायचे. इंटरनेटवर या प्रकाराला काहीतरी इंग्रजी नाव होतं; खर्ड्यात त्याला वर्गणी म्हणतात. वर्गणी देणाऱ्याचा चेहरा गेममध्ये येणार होता. साध्या वर्गणीला सैनिक, जास्तीला घोडेस्वार, त्याहून जास्तीला सरदार. शेवटी सरदार शंभराच्या वर गेले आणि सैनिक एकोणीस उरले.

त्या एकोणिसांतले पहिले भागूबाईंचे मालक, गहिनीनाथ.

"ऊसतोडीला गेल्तो तवा एकानं काढल्याला फोटू. तेवढा एकच हाय. राहील म्हनला, मावशी, गेम आला की परत देतो. मी म्हनलं, चेहरा घे, पर चालनं बी त्येंचंच घे. मोळ्या वाहून डाव्या अंगाला झुकत्यात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "परवा रविवारी गावच्या हॉलात गेम दावनार हुते. आन् त्याच दुपारी राहीलची लॅपटॉपची पिशवी गायब. फोटू पिशवीत."

"लोक काय म्हणतात?" पंकजाताईंनी विचारलं.

"लोक म्हनत्यात गेम नव्हताच. म्या म्हनते नसंना का. मला माझा मानूस पायजे. त्येंचा चेहरा आता मला नीट आठवंना झालाय, बाई."

पंकजाताईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

"गेम होता, ताई," मच्छिंद्रराव घसा साफ करत म्हणाले. "मिरजगावच्या अजिनाथने परीक्षण केलंय. साडेचार तारे दिलेत. गेमवाल्यांतला पत्रकार आहे तो, उगाच नाही देणार." मच्छिंद्ररावांचा ताऱ्यांवर फार विश्वास. घरचा मिक्सरही त्यांनी तारे पाहून घेतला होता. तो पहिल्याच चटणीला जळाला, तरी तारे जळाले नव्हते.

"तुम्हाला एवढी माहिती कशी?"

"माझा घोडा आहे त्यात," मच्छिंद्रराव खाली बघत म्हणाले.

"वाचा मग परीक्षण."

त्यांनी मोबाईल लांब धरला. "'सलग नऊ तास खेळलो. उजव्या बुरुजावरची तोफ धडाडते तेव्हा अंगावर काटा येतो. आणि सर्व सैनिक डावखुरे दाखवण्याचं धाडस! या अभ्यासाला सलाम. असा गेम महाराष्ट्रात झाला नाही.'"

"शेवटचं वाक्य खरं असावं," पंकजाताई म्हणाल्या आणि स्कूटीची किल्ली उचलली.

खर्ड्याच्या हॉलला गावाने स्वतःचं कुलूप ठोकलं होतं, राहीलला आत पाऊल टाकू द्यायचं नाही म्हणून. किल्ली फ्लेक्सवाल्या श्रीमंतकडे होती. संशयही त्याच्यावरच होता, पण गावात दुसरं कुणी किल्ली सांभाळायला तयार नव्हतं.

दारावर अजून फ्लेक्स होता. किल्ला, बुरुज, बुरुजावर तोफ, तलवारी उगारून धावणारे सैनिक, आणि उजव्या कडेला हात जोडलेले भाऊ. ते गेमच्या लढाईतले नव्हते, पण पुढच्या निवडणुकीत होते.

"चित्र राहीलचंच?" पंकजाताईंनी विचारलं.

"त्याचंच. मी फक्त सोयीचं केलं," श्रीमंत म्हणाला. "भाऊ उजवीकडंच लागतात, न्हाईतर चिडतात. आन् तोफ नेमकी भाऊंच्या कानावर रोखल्याली. आता बघा, भाऊच तोफ डागतायत असं वाटतं. हा इथं रविवारी लावला. दुसरा मिरजगावच्या चौकात, त्याला महिना झाला."

"रविवारी दुपारी काय झालं?"

"बाराला फुलं उडवायच्या तोफेची चाचणी केली. ती बघा ष्टेजवर. माझीच रंगाची रिकामी पिंपं जोडून केली. मागं डाळिंब फवारायचा ब्लोअर. फुलं उडाली ती पार माझ्या शिडीपर्यंत आली. मग सगळे जेवायला गेले. राहील शेवटी निघाला, हात हलवत. मी दोनपर्यंत दारातच शिडीवर हुतो. आत कुणी गेलं न्हाई, बाहेर कुणी काही नेलं न्हाई. दार एकच."

"म्हणजे तूच," मच्छिंद्रराव म्हणाले.

"गाव बी तेच म्हनतंय. मी सरदार व्हतो, काका. त्यानं मला खेचरवाला केलं, त्याचा राग व्हता. पर लॅपटॉप नेऊन करू काय?"

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तोफ नुसती खोकली. एक फूल न्हाई. लोक आधीच तापल्याले. तवापासून पडलीय. कुनी फुकट नेली तरी बरं."

हॉल लोकांनी आधीच धुंडाळला होता. कपाट, स्टेजखाली, पडद्यामागे. पंकजाताईंनी कशाला हात लावला नाही. बाहेर येताना त्यांनी फ्लेक्सचा एक फोटो काढला. मच्छिंद्ररावांना वाटलं, भाऊंचा काढला.

राहील घरी अंथरुणात बसून होता, तीन दिवसांची दाढी वाढवून. भिंतीवर त्याचं मूळ चित्र होतं; पंकजाताईंनी त्याचाही एक फोटो घेतला. खिडकीकडच्या डाव्या बुरुजावर तोफ, आणि खाली तलवारींचं रान.

"पिशवी कपाटात ठेवली, जेवायला गेलो, दोनला आलो तर नाही," तो म्हणाला. "गेम पूर्ण होता, ताई. अजिनाथदादाला विचारा. त्यांनी खेळलाय."

"पोलिसांत गेलास?"

"जाणारच आहे." तो घुटमळला. "तुमचं गावात ऐकतील. तेवढी तोफ मला परत द्यायला सांगा ना. भाड्याची आहे. भाडं चढतंय."

मच्छिंद्ररावांना पोराची दया आली. बाहेर आल्यावर ते तसं म्हणालेही. पंकजाताईंनी फक्त हेल्मेट घातलं.

अजिनाथची खोली मिरजगावच्या चौकात चहाच्या टपरीवर होती. तीन रंगांचे दिवे, झगमगणारा कीबोर्ड, आणि भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र: 'सरदार अजिनाथ, हत्तीसह'. मच्छिंद्रराव ते दोनदा वाचून थांबले. घोड्याच्या वर हत्ती होता हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आमचं चॅनल निष्पक्ष आहे," अजिनाथ म्हणाला. "मी शब्द मोजून वापरतो."

"डावखुऱ्या सैनिकांचं तुम्हाला विशेष आवडलं."

"फार. तो एक सामाजिक विचार आहे. आपल्याकडे डावखुऱ्यांवर अन्याय झालाय."

"उद्या खर्ड्याला या आणि लोकांसमोर तेवढंच सांगा. राहीलला मदत होईल."

अजिनाथ आनंदाने तयार झाला. पंकजाताई खिडकीतून खाली चौकात बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला. सगळे सरदार आले होते. अजिनाथने डावखुऱ्या सैनिकांवर पाच मिनिटं भाषण केलं. राहील मान खाली घालून स्टेजच्या कडेला बसला होता. पंकजाताई उठल्या.

"मच्छिंद्रकाका, तुम्ही जेवता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"इथे किती जण डाव्या हाताने जेवतात? हात वर करा." दोन हात वर आले. "राहीलनेही सगळे सैनिक उजव्या हाताचेच काढलेत. हे त्याच्या भिंतीवरचं चित्र." त्यांनी मोबाईल पुढे केला. "तोफ डाव्या बुरुजावर. आणि हा श्रीमंतभाऊंचा फ्लेक्स. तोफ उजवीकडे, तलवारी डाव्या हातात. का? मूळ चित्रात तोफ भाऊंच्या कानावर रोखली जात होती, म्हणून श्रीमंतभाऊंनी अख्खं चित्र आरशासारखं उलटं केलं. फौजेसकट."

हॉलमध्ये दोनशे माना दाराकडे वळल्या.

"डावखुरी फौज जगात फक्त फ्लेक्सवर आहे. एक फ्लेक्स इथे, तो रविवारी लागला. दुसरा अजिनाथच्या खिडकीसमोर, महिन्यापासून. परीक्षण पंधरा दिवसांपूर्वीचं. अजिनाथ, नऊ तास तुम्ही काय बघत होता?"

अजिनाथने आधी छताकडे पाहिलं. "चहा पीत होतो," तो म्हणाला. "ताई, सगळेच असं करतात. राहीलने मागितलं, आणि हत्ती देतो म्हणाला."

"हत्तीसह परीक्षण," मागून कुणीतरी म्हणालं.

"गेम होता याला साक्षीदार एकच, आणि त्याने तो पाहिलेला नाही. मग लॅपटॉप जाण्यात फायदा कुणाचा? श्रीमंतभाऊंचा नाही. ते चोर असते तर त्यांनी कुणीतरी बाहेर जाताना नक्की पाहिलं असतं. ते मात्र सांगतात, कुणीच गेलं नाही. स्वतःच्या गळ्याभोवती एवढा प्रामाणिक फास कुणी आवळत नाही."

मच्छिंद्ररावांनी न राहवून विचारलं, "पण मग पिशवी गेली कुठे?"

"गेलीच नाही. राहीलला ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर न्यायची होती. दारात शिडी आणि शिडीवर श्रीमंतभाऊ. मग आतच लपवली, रिकाम्या हाताने निघाला, आणि संध्याकाळी गावाने कुलूप लावलं. बाराला तोफेने शिडीपर्यंत फुलं उडवली. संध्याकाळी ती खोकली. मधल्या वेळात तिच्या घशात काय अडकलं?" त्या राहीलकडे वळल्या. "तू म्हणालास तोफ भाड्याची. पिंपं तर श्रीमंतभाऊंची, आणि ते फुकट द्यायला तयार आहेत. एवढं एकच तुला परत हवं होतं."

मच्छिंद्ररावांनी तोफेत खांद्यापर्यंत हात घातला. आधी झेंडूच्या पाकळ्या आल्या, मग पिशवी. सरदारांपैकी काही जण उठून उभे राहिले.

"मारा मला," राहील म्हणाला. "चार वर्षं केलंय काम. पण रोज कुणीतरी यायचं. एकाला मिशी मोठी पाहिजे, एकाला सासऱ्यापेक्षा उंच घोडा. सैनिक व्हायला कुणी तयार नाही. लढणार कोण? लढाई झालीच नाही. नाही म्हणायला जमलं नाही मला."

यावर सरदार एकमेकांच्या मिश्यांकडे पाहू लागले, आणि उभे होते ते बसले.

भागूबाई पुढे आल्या. पिशवीच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पाकिटातला फोटो निघाला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पदराखाली घातला. त्यांचं काम झालं होतं. त्या निघाल्याही.

"मावशी, थांबा," राहील म्हणाला. त्याने लॅपटॉप चालू केला. "एवढंच झालंय. तुम्ही पहिल्या होता, म्हणून पहिलं तेच केलं."

पडद्यावर एक ओसाड माळ होता. ना किल्ला, ना तोफ, ना मच्छिंद्ररावांचा घोडा. फक्त एक माणूस चालत होता. डाव्या अंगाला झुकून, पाय किंचित ओढत. पडद्याच्या टोकाला जाई, वळे, परत येई.

अजिनाथने मोबाईल बाहेर काढला होता, तो परत खिशात घातला.

भागूबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्येला बसता येतं का?" त्यांनी विचारलं.

"बसणं अजून केलं नाही, मावशी."

"मग पयलं तेवढं कर," भागूबाई म्हणाल्या. "लई चाललाय त्यो."