भातगिरणीत आलेला वैमानिक

घोटीच्या जुंद्रे भातगिरणीत त्या सकाळी एक मनुष्य दोन बॅगा घेऊन आला. पोत्यांच्या रांगेत शिस्तीत उभा राहिला, नंबर आल्यावर बूट काढले आणि बॅगांसकट स्वतःच वजनकाट्यावर चढला.

काट्यावर आरोही होती, गिरणीमालक अण्णा जुंद्र्यांची मुलगी. तिनं वहीतून मान वर न काढता विचारलं, "वाण कोणतं? इंद्रायणी?"

"नाही… मी आहे."

आरोहीनं मान वर केली. उंच, किंचित वाकलेला, गंभीर चेहऱ्याचा. पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे.

"बारदान वजा करायचं का गं ह्याचं?" पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या लंकाबाईनं लांबूनच विचारलं. गिरणीत एकदम हशा पिकला. चेहरा हलला नाही तो फक्त त्याचा.

"कपड्यांसकटच धरा," तो म्हणाला. "विमानात कपडे घालूनच बसतो मी."

हे वाक्य भातगिरणीत सहसा ऐकू येत नाही. मग खुलासा झाला. त्याचं नाव ललित बोरस्ते. नाशिकच्या अंबडला यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना. ओझरच्या विमानतळावर तीन मित्रांत मिळून एक जुनं, छोटं विमान. चार सीटचं, पण चौघं बसले तर पेट्रोल घरी ठेवावं लागतं. त्यात प्रत्येक किलोचा हिशेब लागतो.

"मग घरी काटा नाही?"

"आहे ना. त्याच्यावर मी हॉलमध्ये एकाहत्तर भरतो आणि बेडरूममध्ये अडुसष्ट. विमानाला कोणतं सांगू? इथून जाताना पाटी वाचली… सरकारी शिक्क्याचा काटा."

"एकोणसत्तर किलो चारशे," आरोही म्हणाली. "बॅगा उतरवून. आता उतरा, मागे माणसं… म्हणजे, पोती थांबलीत."

तो उतरला. जाताना तिनं विचारलंच, "जायचं कुठं?"

"डोंगरावरून. ओझरहून निघायचं, कळसूबाईची रांग ओलांडायची, सह्याद्री उजव्या हाताला ठेवून बेळगाव… मग घाट उतरून मंगळूर."

"कधी?"

या प्रश्नावर मात्र त्याला बूट घालायला फार वेळ लागला.

पुढच्या मंगळवारी तो परत आला. म्हणे, बॅग बदलली. त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणे, बूट बदलले.

"चारशे ग्रॅम वाढलात," आरोही म्हणाली.

"येताना पोहे खाल्ले."

"मग नाशिकला नुसते पोहे मोजले असते तरी चाललं असतं की. पेट्रोल वाचलं असतं."

"पण पोह्यांवर शिक्का नसतो."

चौथ्या मंगळवारी त्यानं नकाशा आणला आणि भाताच्या पोत्यांवर पसरला. डोंगर तपकिरी, नद्या निळ्या, आणि मधून पेन्सिलीची एक सरळ रेघ… त्याच्या मोज्यांकडे पाहता ही रेघ त्यानंच ओढली असेल यावर विश्वास बसत नव्हता. रेघेच्या कडेला बारीक अक्षरांत उंची, वेग, मिनिटं. आरोही वाकली. तिच्या केसांना तुसाचा वास होता, आणि त्याला तेवढ्यात नकाशा कोणत्या बाजूनं धरायचा तेच आठवेना.

"हे कुलंग," तिनं बोट ठेवलं. "याच्या पायथ्याला माझ्या मामाचं गाव. तुमची रेघ इथून जाते, पण इथं पश्चिमेचा वारा कड्यावरून खाली पडतो. घारसुद्धा इथं आली की दगडासारखी खाली येते. लहानपणी आम्ही मुद्दाम बघत बसायचो."

त्यानं ताबडतोब लिहिलं. मग खोडरबर काढलं आणि ती सरळ रेघ पूर्वेला सरकवली. आरोहीनं आजवर पुष्कळ माणसं पाहिली होती, पण आपल्या बोलण्यावरून कुणी खोडरबर काढलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

"आणि ढग?" त्यानं विचारलं.

"ढग सांगून येत नाहीत. दहा मिनिटांपूर्वी कडा स्वच्छ असतो… नंतर नसतोच. अशा किती योजना केल्यात तुम्ही?"

"चौदा."

"आणि गेलात किती वेळा?"

लंकाबाईची सुई थांबली. ललितनं नकाशाची घडी घालायला घेतली, ती चुकली, त्यानं तो पुन्हा उलगडला.

"एकदा," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. रांगेजवळ ढग आला. मित्रांना वाटतं मी घाबरून वळलो… मी वळलो नाही. दोन मिनिटांचाच ढग असेल म्हणून आत शिरलो. सहा मिनिटं पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं. बाहेर पडलो तेव्हा कडा डाव्या पंखाच्या इतका जवळ होता की… गवत दिसलं, वाऱ्यानं हलणारं. तिथून मग परत आलो. त्यानंतर योजनाच करतो. मला डोंगराची भीती नाही वाटत. माझी वाटते. मी तेव्हा वळलो नाही, उद्या वळेन कशावरून?"

हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गिरणीच्या धडधडाटात, आणि ज्या मुलीला सांगितलं तिचं आडनाव सोडून त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं.

आरोहीनं मागच्या खोलीकडे पाहिलं. अण्णा खाटेवर बसून पेपर वाचत होते, उजवा पाय सरळ ताठ ठेवून.

"अण्णांच्या पायात सळई आहे," ती म्हणाली. "कसारा घाटात धुकं होतं. मागून भाऊ ओरडत होता, अण्णा, टेम्पो बाजूला घ्या. अण्णा म्हणाले, जुंद्रे थांबत नसतात. भाऊ आता टेम्पोत बसत नाही… अण्णांशी बोलतही नाही फारसा. आमच्या घरात पुढे जाणारे पुष्कळ झाले. परत फिरलेला एकही नाही."

तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, नकाशावर दारणा धरणाच्या पुढे एक फुली मारली.

"इथं आलात आणि रांगेचा माथा सगळा दिसला नाही, तर वळायचं. विचार करायचा नाही. विचार आत्ता इथं बसून करा, पोत्यावर. तिथं फक्त वळायचं."

"आणि वळलो नाही तर?"

"तर उजव्या सीटवर जो असेल त्याचं नशीब."

"उजव्या सीटवर…" तो थांबला. नकाशा, पोती, लंकाबाई, सगळ्यांकडे बघून झाल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. "त्या सीटचं वजन अजून भरायचंय. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर… मंगळूरहून परत विमानानंच आणून सोडेन. माझी मोठी बहीण तिथं असते, तुम्ही तिच्याकडे उतरायचं. अण्णांना मी विचारीन. नाही म्हणालात तरी चालेल. चालेल म्हणजे… चालणार नाही, पण चालवून घेईन."

लंकाबाई म्हणाली, "अगं, चढ की काट्यावर! ह्यो माणूस बोलतच ऱ्हायला तर संध्याकाळ व्हईल!"

आरोहीनं चपला काढल्या. ललितनं सभ्यपणे पाठ फिरवली. गिरणी फार आवाज करते, त्यामुळे तिला आकडा ओरडूनच सांगावा लागला.

"छप्पन्न!"

सगळ्या गिरणीला तो कळला. ललितनं तो दोनदा विचारून लिहून घेतला.

अण्णांनी परवानगी द्यायला पाच दिवस घेतले. प्रत्येक दिवशी ते एवढंच म्हणायचे, "गाडीनं जा की." सहाव्या दिवशी त्यांनी ललितला बोलावून विचारलं, "इंजीन बंद पडलं तर?" ललितनं पाऊण तास उत्तर दिलं. कंटाळून अण्णा हो म्हणाले.

कार्तिकातल्या एका सकाळी ते ओझरहून उडाले. खाली द्राक्षांचे मांडव, पाटाचं पाणी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी… आरोहीनं एकदाच "अगं बाई" म्हटलं आणि मग काचेला नाक लावून बसली. त्याचे हात शांत होते. हातांची एवढी शांतता तिनं भातगिरणीत कधी पाहिली नव्हती.

दारणेचं पाणी आलं. समोर अलंग, मदन, कुलंग… आणि त्यांच्यामागून कापसासारखं काहीतरी हळूच वर आलं. कुलंगचा माथा होता. मग अर्धा होता. मग…

आरोहीनं ओठ दाताखाली धरला. बोलायचं नाही, हे तिनं घरूनच ठरवलं होतं. आपण सांगून वळला तर त्याला काय अर्थ? तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्या मांडीवरच्या नकाशाकडे पाहिलं. ढगाला मधे एक भोक होतं, त्यातून पलीकडचं भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. दोन मिनिटांचंच अंतर वाटत होतं.

"आरोही," तो म्हणाला. आजवर तो तिला 'मॅडम' म्हणत आला होता. "आपण परत जातोय."

पंख झुकला. डोंगर काचेतून सरकत सरकत मागे गेला, आणि समोर पुन्हा नाशिक, ऊन पडलेलं.

दारणेचं पाणी पुन्हा खालून गेलं.

"वाईट वाटलं?" त्यानं विचारलं. "मंगळूरला मासे खायला घालणार होतो."

"मिसळ चालेल."

"पुढच्या आठवड्यात पुन्हा निघू?"

"पुन्हा ढग आला तर?"

"पुन्हा वळू."

"असं किती वेळा?"

"तुम्हाला कंटाळा येईपर्यंत."

"मला फार उशिरा कंटाळा येतो," आरोही काचेकडे बघत म्हणाली. "चाळीसेक वर्षं सहज जातील."

विमान किंचित हललं. वारा मुळीच नव्हता.

"आरोही, मी… हे उतरल्यावर विचारू का? उतरताना मला दोन्ही हात लागतात."

"विचारा. पण आधी मला एक फोन करायचाय."

ओझरला उतरल्यावर ललितचे दोघे मित्र हसत पुढे आले. "काय रे, पुन्हा परत?" ललित म्हणाला, "हो, पुन्हा परत," आणि कधी नव्हे तो स्वतःही हसला.

आरोही पंखाच्या सावलीत उभी राहिली. घोटीला पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. अण्णा सकाळपासून फोन हातातच धरून बसले होते.

"पोचलात बेळगावला?"

"नाही अण्णा, ओझरलाच आहोत. परत आलो."

"का गं? काय झालं? इंजीन?"

"काही झालं नाही. ढग आला… आणि ह्यांनी विमान वळवलं."

"तू सांगितलंस?"

"मी एक शब्द बोलले नाही."

पलीकडे गिरणीची धडधड ऐकू येत होती. खाट करकरली, ताठ पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"आपण होऊन वळवलं?"

"आपण होऊन."

"मग त्याला रात्री जेवायला घेऊन ये," अण्णा म्हणाले. घसा खाकरला. "आणि तुझ्या भावालाही बोलाव. म्हणावं, अण्णांनी बोलावलंय."