तीन नंबरचं तेल

"ऐकून घेणार असाल तरच बसतो," तो गृहस्थ दारातूनच म्हणाला. "सकाळपासून तीन ऑफिसांत जाऊन आलो. तिन्हीकडे चहा मिळाला. ऐकलं कुणीच नाही."

"बसा. इथे चहा नाही," वहिनी म्हणाल्या.

तो बसला. पन्नाशीचा, आडवा बांधा, कपाळावर कायमच्या कोरल्यासारख्या दोन आठ्या. खिशातून त्याने एक चुरगळलेला कागद काढला आणि टेबलावर जवळजवळ फेकलाच.

वहिनींनी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. मुलांच्या वहीत उत्तर कुठून चोरलंय हे ओळखता ओळखता त्या खासगी तपासाच्या कामात शिरल्या. मदतीला त्यांचे धाकटे दीर होते, पोस्टातून निवृत्त झालेले. वहिनींना जे आधीच कळलेलं असायचं ते दहा मिनिटांनी मोठ्याने विचारायचं, हे त्यांचं मुख्य काम. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत.

"मी फ्लाइट इंजिनिअर आहे," पाहुणा म्हणाला. "म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार. कुणालाच नसतं. शेजारी विचारतात, तुम्ही विमानात नक्की काय करता? अठरा वर्षं सांगतोय! पुढे दोघं वैमानिक बसतात, त्यांच्यामागे मी, भिंतीकडे तोंड करून. समोर पॅनेल. चार इंजिनं, त्यांचं तेल, इंधन, केबिनमधली हवा, सगळे काटे माझ्याकडे. दर अर्ध्या तासाला एकेक काटा वाचून कागदावर लिहायचा. ते दोघं आकाश बघतात, मी काटे बघतो."

"मग झालं काय?"

"मागच्या सोमवारी बारा वाजता उडालो. तीन नंबरच्या इंजिनाचं तेल पहिल्या अर्ध्या तासातच उतरायला लागलं. मी कॅप्टनना सांगितलं. म्हणाले, बघू. एक वाजता पुन्हा सांगितलं. म्हणाले, काटा बिघडला असेल. एक चाळीसला इंजिन बंद करावं लागलं. पुढे डोंगर, तीन इंजिनांवर ते ओलांडता येईनात, म्हणून मागे फिरलो. उतरताना जोराचा धक्का बसला. आमच्या हवाई सुंदरीचं मनगट मोडलं. पोरगी अजून दवाखान्यात आहे."

"मग आरोप काय?"

"की मी झोपलो होतो!" त्याने टेबलावर हात आपटला. भाऊजींची दौत उडाली. "ही म्हणे माझ्या नोंदीच्या कागदाची नक्कल. तीन नंबरचं तेल दीड वाजेपर्यंत भरलेलं दाखवलंय. बाई, हा कागद माझा नाही! अक्षर म्हणाल तर नुसते पेन्सिलीचे आकडे आणि खाली एक फराटा, कुणीही काढेल. आज चार वाजता चौकशी आहे. पुढच्या वर्षी नवी विमानं येतायत, त्यांत माझी खुर्चीच नाही. जाऊ दे खुर्ची. पण हा माणूस डुलक्या काढायचा म्हणून गेली, असं कुणी म्हणायला नको."

वहिनींनी कागद सपाट केला. "तुम्ही हा पूर्ण वाचलात?"

"पहिल्या ओळीतच खोटं दिसलं. चुरगळून टाकला."

"भाऊजी, वाचा बघू. तीन नंबर."

भाऊजींनी चष्मा चढवला. "साडेबारा वाजता साडेसत्तावीस लिटर. एक वाजता साडेसत्तावीस. दीड वाजता सत्तावीस. मग रेघ. बाकी इंजिनांच्या नोंदी पुढे चालू आहेत. दोन, अडीच, तीन, साडेतीन. संपलं."

"काटा कसा वाचता तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"गेजवर दोन-दोनच्या खुणा असतात. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. काटा मधे असला की खालची खूण लिहायची. धरून चालायचं ते कमीच."

"आणि उतरताना?"

"उतरायच्या आधी पंधरा मिनिटं खुर्ची वळवून पुढे सरकवायची, दोघा वैमानिकांच्या मधे. चारही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दांडे, माझ्या हातात असतात. नाक खाजवायचीसुद्धा सोय नसते."

वहिनी उठल्या. "मूळ कागद कुणाकुणाच्या हातातून गेला?"

"कॅप्टनच्या बॅगेत होता. तिथून सहवैमानिकाने देखभाल खात्यात नेऊन दिला. तिथे फोरमनच्या कपाटात दोन तास. मग चौकशी अधिकाऱ्यांनी सील केला. पण फोरमनला यात ओढू नका, तो माझा मेहुणा आहे, बायकोचा धाकटा भाऊ. हे काम कॅप्टनचं. दोनदा सांगूनही विमान पुढे दामटलं, ते झाकायचं होतं त्यांना."

विमानतळावर कॅप्टन कर्मचाऱ्यांच्या खोलीत बूट पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला तेलाचं पहिल्यांदा एक पस्तीसला सांगितलं. पाच मिनिटांत मी इंजिन बंद करवलं. याहून जास्त मी काय करायचं? मागे वळून त्याचे काटे मी वाचायचे का?"

"त्यांचा कागद तुम्ही पाहिलात?"

"मी कधीच बघत नाही. तो काय लिहितो ते तो जाणे." त्यांनी दुसरा बूट घेतला. "अहो, नव्या विमानात हे सगळं यंत्र करणार आहे. एका जाणाऱ्या खुर्चीसाठी माझी सुट्टी वाया चाललीय."

"त्या खुर्चीत माणूस बसतो," वहिनी म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

सहवैमानिक तिशीचा होता. प्रत्येक वाक्याआधी दाराकडे बघायचा.

"चाकं तीन बत्तीसला टेकली. कागद मी देखभाल खात्यात दिला. उघडूनही पाहिला नाही."

"परत फिरायचं कधी ठरलं?"

"एक चाळीसला. त्याआधी काही विषयच नव्हता."

"त्याआधी रेडिओवर काही बोललात?"

"नेहमीचंच. एकच्या सुमारास हवामान विचारलं."

"कुठलं?"

"इथलं." तो थांबला.

"जिथून निघालात तिथलं? तासाभराने?"

"असंच विचारलं." त्याचे कान लाल झाले. विषय बदलायचा म्हणून तो घाईने म्हणाला, "उतरल्यावर फोरमन मात्र पटकन आले हो. आम्ही जिन्यावर होतो तोवर ते शिडी लावून तीन नंबरवर चढलेसुद्धा."

हँगरच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत फोरमन बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. भिंतीवर वीस वर्षांच्या नोंदवह्या ओळीने लावलेल्या.

"दाजी निर्दोष आहेत," तो लगेच म्हणाला. "इंजिनातच काहीतरी दोष असणार. मी चौकशीतही तेच सांगतोय."

"पण इंजिन उघडलं तर काही फुटलेलं सापडलं नाही म्हणे."

"सापडायला हवं होतं," तो पुटपुटला.

"त्या सकाळी तेल कुणी भरलं?"

"मीच. आमची दोन माणसं आजारी होती, सलग दुसरी पाळी करत होतो. पट्टी बुडवून अर्ध्याअर्ध्या लिटरपर्यंत मोजतो मी. घाईतसुद्धा मोजलं."

"तुम्ही दाजींबरोबर कॉकपिटमधून गेला असाल ना कधी?" भाऊजींनी कौतुकाने विचारलं.

"छे हो! इतकी वर्षं विमानं दुरुस्त करतोय, उडत्या विमानात एकदाही बसलेलो नाही. ताई हसते मला. भीतीच वाटते."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "कॅप्टनच, वहिनी. शंभर टक्के. बोलण्यात किती मग्रुरी!"

"मग्रुरीचे मार्क वेगळे देऊ," वहिनी वैतागून म्हणाल्या. "आधी गणित सोडवू द्या."

चार वाजता सगळे एका लांबट टेबलाभोवती बसले. चौकशी अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती आणि पाचच्या आत त्यांना घरी जायचं होतं. बाहेरच्या बाईंना बोलू द्यायला ते तयार नव्हते. शेवटी नाक शिंकरत म्हणाले, "दहा मिनिटं."

"पुष्कळ झाली," वहिनी म्हणाल्या. "कागदाची शेवटची नोंद बघा. साडेतीन. विमान टेकलं तीन बत्तीसला. त्या वेळी यांची खुर्ची कुठे होती, कॅप्टन?"

"पुढे. आमच्या मधे."

"हात?"

"थ्रॉटलवर." कॅप्टनच्या भुवया आक्रसल्या. "तेव्हा तो लिहूच शकत नाही."

"हे तुम्हाला माहीत आहे, सहवैमानिकांनाही माहीत आहे. खोटा कागद तुम्ही केला असता तर तीनला थांबला असतात. ज्याने हा लिहिला त्याला नियम ठाऊक होता, दर अर्ध्या तासाला एक नोंद. पण विमान उतरताना कॉकपिटमध्ये काय चालतं ते त्याने कधी पाहिलेलं नव्हतं."

वहिनींनी तीन नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आता तेल बघा. साडेसत्तावीस. विमानातल्या काट्यावर दोनदोनच्या खुणा, तिथे साडेसत्तावीस येईल कुठून? अर्ध्यात मोजतो तो जमिनीवरचा माणूस, पट्टी बुडवून. कागद तीन जणांकडून गेला. दोघं वजा केले." वहिनींचा आवाज उतरला. "फोरमनसाहेब, तुम्ही तेल भरलंत, पण टाकीचं झाकण घट्ट बसवलं नाहीत. विमान परत येताच सगळ्यात आधी शिडीवर चढून ते बसवलंत. म्हणून कुणाला काही सापडलं नाही."

"अहो बाई!" इंजिनिअर ताडकन उठला. "तुम्हाला मी सांगितलं होतं, त्याला मधे..."

"दाजी, बसा," फोरमन म्हणाला. "बरोबर आहे त्यांचं."

इंजिनिअर उभाच राहिला.

"मला वाटलं, तेल शेवटपर्यंत भरलेलं दाखवलं तर आत अचानक काहीतरी फुटलं असं ठरेल. यंत्राचा दोष. कुणाचंच नाव येणार नाही. तुमच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा तोंड उघडेना."

"मग मला का नाही सांगितलंस? त्याच दिवशी? घरी आला होतास ना जेवायला!"

"तुम्ही माझं नाव लिहून दिलं असतंत."

"हो," इंजिनिअर म्हणाला. "दिलं असतं."

फोरमनने सदऱ्याच्या आतून घडी केलेला कागद काढला. "खरा कागद. फाडवला नाही. वीस वर्षांत एक नोंद फाडलेली नाही मी."

अधिकाऱ्यांनी तो उलगडला आणि सर्दी विसरून वाचू लागले. "साडेबारा, चोवीस. कॅप्टनना सांगितलं. एक वाजता, अठरा. पुन्हा सांगितलं. उत्तर, काटा बिघडला असेल, पुढे चला." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कॅप्टन, तुम्ही एक पस्तीस म्हणाला होतात."

"हे त्याने नंतर लिहिलं असेल!"

"मग एक वाजता परतीच्या विमानतळाचं हवामान कशाला विचारलं?" वहिनींनी सहवैमानिकाकडे पाहिलं. "असंच?"

तरुणाने या वेळी दाराकडे पाहिलं नाही. "दोन्ही वेळा मी ऐकलं, साहेब. परत फिरावं लागेल असं वाटलं म्हणून मी हवामान विचारलं. कॅप्टन म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं?" तो इंजिनिअरकडे वळला. "मी आधीच बोलायला हवं होतं."

कॅप्टन आपल्या चकचकीत बुटांकडे बघत बसले. अधिकाऱ्यांनी खरा कागदही ताब्यात घेतला, फोरमनला आणि कॅप्टनना दुसऱ्या दिवशी लेखी जबाब घेऊन यायला सांगितलं. इंजिनिअरवरचा आरोप त्यांनी तिथेच खोडला.

"सुटलात," जिन्यावर भाऊजी आनंदाने म्हणाले. "पेढे पाहिजेत!"

"भाऊजी, गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

इंजिनिअर कठड्याला टेकून उभा होता. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी तो दारोदार ओरडत फिरला, ती मिळाली होती. "बाई, कॅप्टन असता तर किती बरं झालं असतं," तो म्हणाला. "आता मी घरी काय सांगू? बायको सकाळपासून माझ्या फोनची वाट बघतेय. लहानपणी कडेवर घेऊन वाढवलंय तिने याला."

"हे गणित मला येत नाही," वहिनी म्हणाल्या.

फोरमन खाली फाटकापाशी एकटाच उभा होता, कुठे जावं हे न कळल्यासारखा. त्याला पाहताच इंजिनिअरच्या कपाळावरच्या आठ्या पुन्हा उमटल्या. तो तरातरा खाली गेला. आता मारतो की काय, असं भाऊजींना वाटलं.

त्याने टॅक्सी थांबवली आणि मागचं दार उघडलं.

"बस आत. ताईला तू सांगायचंस. मी एक शब्द बोलणार नाही," तो खेकसला. मेहुणा जागचा हलेना, तसा त्याने त्याचा दंड धरून त्याला आत बसवलं. "आधी त्या पोरीला भेटायला दवाखान्यात जायचं. मग घरी. आणि सरक जरा तिकडे, मला बसायला जागा दे."