पिल्लूला शाळेतून कुणी आणलं?

ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्यावरच बेतलेली आहे. खोटी वाटली तर वाटू दे. गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी, भरदुपारी घडलेली आहे.

मी ऑडिओबुकसाठी कादंबऱ्या वाचते. स्टुडिओ माझ्या सख्ख्या दादाचा. काचेपलीकडे तो मशीनवर, अलीकडच्या बंद खोलीत मी.

त्या दिवशीच्या प्रकरणात एक बाई क्षणभर डोळे मिटते आणि तेवढ्यात तिच्या घरच्यांचं अख्खं वर्ष सरतं.

मला हसू आलं. "लेखकाने घड्याळ विकून खाल्लं का रे?"

"तिला क्षण वाटला ना, मग क्षणच," दादा म्हणाला. "तू वाच गुपचूप."

वाचन संपलं की आम्ही मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतो. वाक्यांमधल्या फटी बुजवायला तो लागतो. तेव्हा हलायचंसुद्धा नाही.

बारा वाजले होते. साडेबाराला पिल्लूला, माझ्या चार वर्षांच्या लेकीला, शाळेतून आणायचं होतं.

मी डोळे मिटले.

श्वास ऐकू येत होता... माझाच.

मग तोही येईना...

डोळे उघडले. घड्याळात साडेतीन.

"दादा, हाक का नाही मारलीस? पिल्लू शाळेत..."

तो बघतच राहिला. "तू बाराला गेलीस ना तिला आणायला? माझ्यासमोर चप्पल घातलीस. परत कधी आलीस?"

स्टुडिओच्या दाराशी माझी चप्पल नव्हती...

नवरा घरूनच काम करतो. त्याला फोन लावला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "आतल्या खोलीतून फोन काय करतेस? झोपली का ती?"

घर दोन गल्ल्या पलीकडे. मी अनवाणीच धावले.

चप्पल आमच्या दारात होती...

आतल्या खोलीत पलंगावर पिल्लू एकटीच बसली होती. तिच्या शेजारची चादर अजून कोमट होती...

"पिल्लू, तुला कुणी आणलं?"

"आईने."

"म्हणजे मीच ना?"

ती माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिली.

रेकॉर्डिंग मिनिटभराचंच निघालं. दादा आणि नवरा, दोघांनी मिळून माझी थट्टा केली असेल म्हणून मी दोघांशी कडाकडा भांडले. आता तेच माझ्याकडे संशयाने बघतात. मी खूप घाबरलेय, आणि हे त्यांना सांगायचीही सोय राहिलेली नाही.

हल्ली मी बारापासूनच शाळेबाहेर उभी असते. पिल्लू धावत येते, दोन पावलांवर थांबते. आधी माझा हात हुंगते... मग "आई" म्हणते.

काल तिने हात हुंगला आणि मागे जाऊन वर्गाच्या बाईंना बिलगली.

"माझी आई अजून आली नाही," म्हणाली.