बिनपाण्याचे नारळ

ऋतिकाने हितेशला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अधांतरी होता आणि शिव्या देत होता.

पूर्णगडच्या जेटीवर, मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, चार दांडग्या पोरांनी त्याची व्हीलचेअर त्याच्यासकट उचलली होती. "खाली ठेवा रे मेल्यांनो! सांगितलं होतं का तुम्हाला?" तो ओरडत होता आणि चौघं गोड हसत होते. लहान मूल हट्टाला पेटलं की मोठी माणसं हसतात ना, तसं.

ऋतिकाचं डोकं फिरलं. तिचं डोकं फिरायला तसं फार लागत नसे.

"ठेवा म्हणतोय ना तो? कान फुटले काय तुमचे?"

पोरं दचकली. खुर्ची खाली आली. आता हा आभार मानेल, असं तिला वाटलं, पण त्याने डोळे वटारले.

"आणि तू कोण गो? तुला कोणी सांगितलं मध्ये पडायला?"

"मी ऋतिका. पावसला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप हाय. ह्या पायरीला लोखंडी उतार करायचाय, माप घ्यायला आलेय. अपंगांच्या संस्थेच्या योगिनीताईंनी पाठवलंय."

"उतार माझ्यासाठी... आणि मला विचारलं कोणी?"

"आता विचारतेय. टेप धर."

त्याने रागारागात टेपचं टोक धरलं. उन्हाने रापलेला हात, जाळ्याच्या दोऱ्याने चिरलेली बोटं. ऋतिकाने माप घेतलं आणि वर्कशॉपला पोचेपर्यंत ते साफ विसरली. बोटं मात्र लक्षात राहिली.

आदल्या वर्षी, पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढल्यावर, हितेश उंच डेकवर चढून माडाच्या विणलेल्या झापांनी बोट शाकारत होता. पाय घसरला आणि तो खाली जांभ्या दगडावर आदळला. मणका गेला. कमरेखालचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं. योगिनीताईंनी त्याला पुनर्वसन केंद्रात नेलं. पलंगावरून खुर्चीत कसं यायचं, बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, सगळं तो तिथे शिकला. हात तर लोखंडासारखे झाले. जेटीवर पूर्वीसारखं चौघांत बसून जाळी शिवायची आणि त्यांच्यातलाच एक व्हायचं, एवढीच त्याची इच्छा होती. पण घरी आला आणि गावाने त्याचं तान्हं बाळ करून टाकलं. त्याच्याशी कोणी वाद घालेना. तो शिवी द्यायचा आणि समोरचा मान खाली घालून म्हणायचा, "बरं, बरं."

उतार बसवला त्या दिवशी दोघांचं पुन्हा वाजलं.

"हा उतार हाय की घसरगुंडी?"

"मग वजन कमी कर."

"मी खाडीत गेलो म्हणजे?"

"गळ टाकून काढीन."

तो हसला नाही, पण ओठांचा कोपरा हलला... तिने पाहिलं. चूक तिचीच होती; माप विसरून अंदाजाने केलेला उतार फार उभा झाला होता. दुसऱ्या दिवशी तिने उतार कापून, तुकडा जोडून लांब केला, कड घासून गुळगुळीत केली. त्यानंतरही ती येतच राहिली. कधी कठडा हलतोय म्हणून, कधी रंग उडालाय म्हणून.

"काय बघतेस एवढं?" जाळ्यावरून नजर न काढता तो विचारायचा.

"उताराचा जोड."

"जोड तिकडं खाली हाय गो. मी इथं वर हाय."

मग तिचे कान तापायचे, आणि ती त्याच्यावरच खेकसायची.

नारळी पौर्णिमा आली. श्रावणातली सर येत होती, जात होती. समुद्राला नारळ वाहून झाला आणि जेटीवर नारळ लढवायला गर्दी जमली. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. अपघाताआधी ह्या खेळात हितेशला तोड नव्हती. आज तो उतारावरून स्वतः आला, ब्रेक लावले आणि नारळ हाती घेतला.

समोर सोनू, त्याच्या बोटीवरचा जिवलग दोस्त. हितेशने नारळ हाणला. सोनूचा फुटला. टाळ्या! मग दुसरा आला, त्याचाही फुटला. तिसऱ्याचाही फुटला. "आपला वाघ परत आला रे!" म्हणत गाव नाचायला लागलं.

ऋतिकाही टाळ्या वाजवत होती. मग तिचे हात थांबले. फुटलेल्या एकाही नारळातून पाणी उडालं नव्हतं. तिने एक वाटी उचलली, हुंगली. आंबूस वास. हे नारळ घरीच तडकवून, पाणी काढून आणले होते!

तिने हितेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा विझला होता.

"तुला कळलं?" ती वाकून कुजबुजली.

"पहिल्यालाच." तो दात आवळून म्हणाला. "गप्प बस. प्रेमानं करतात ते."

"प्रेमानं? तुझ्या तोंडावर खोटं जिंकवतात, ह्याला प्रेम म्हणतोस? मला नाय जमायचं असलं प्रेम!"

आपण काय बोलून बसलो हे तिला नंतर कळलं. तोवर ती नारळांच्या टोपलीकडे गेली होती. तिने नारळ कानाशी हलवून पाहिले, ठोकून पाहिले, आणि एक बारका, टणक, टोकदार नारळ निवडला.

"धर," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली.

"ऋतिका... जोरात मारशील?"

"मग काय फुंकर घालू?"

"अगो, त्याला लागेल!" कोणीतरी म्हणालं. तिने हाणला. त्याचा टिकला. त्याने हाणला. तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली, पण तिचाही टिकला. पुन्हा तिची पाळी. क्षणभर तिचा हात अडखळला. ह्याला हरवलं तर हा पुन्हा जेटीवर येईल का? त्याने तिच्या डोळ्यांतली ती भीती पाहिली आणि भडकला.

"तूसुद्धा?"

तिने सगळी ताकद लावून नारळ आपटला.

फाडकन् आवाज झाला. हितेशच्या हातातला नारळ फुटला आणि पाणी त्याच्या तोंडावर, शर्टावर, तिच्या ओढणीवर उडालं. हितेश भिजल्या तोंडाने बघत राहिला... आणि खदाखदा हसत सुटला.

"हरलो रे! खराखुरा हरलो!" मग सोनूकडे वळून तो गरजला, "आणि तू, आंबलेले नारळ आणतोस? तुझ्या आयचा घो!"

सोनू लाजेने लाल झाला. त्याने टोपलीतून एक चांगला नारळ उचलला आणि पुढे आला.

"तुझ्या आयचा घो! धर आता, बघतो तुझी मस्ती!"

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी हितेशला उलट शिवी दिली होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"थांब जरा," तो सोनूला म्हणाला. मग हातातल्या फुटक्या वाट्या ऋतिकापुढे करून चिडल्या आवाजात बोलला, "घे, तुझा झाला. पुढल्या वर्षी तुझा फोडणार."

"पुढल्या वर्षी मी कुठं असेन, काय माहीत..."

"माझ्या घरात. दुसरीकडं कुठं जायचा विचार हाय तुझा?"

"हे रागावून विचारतोयस?"

"तुला गोड बोललेलं कळतं कधी?"

ऋतिकाने खोबऱ्याचा तुकडा तोडून त्याच्या तोंडात कोंबला. "घराच्या उंबऱ्याचं माप द्यायला उद्या तयार राहा," ती म्हणाली. "आणि टेप तूच धरायचीस."